वसंता मास्तरचा शिंपला

आष्टीत चतुराबाईचं घर विचारलं तर चार माणसं डोकं खाजवतील. पण "खाऱ्या पाण्याच्या मास्तरचं घर" म्हणा, शेंबडं पोरगंसुद्धा दारापर्यंत आणून सोडील. आता काय म्हणावं! बाई कुंभार पिंपळगावची लेक. ऐन तारुण्यात नवरा गेला, रान एकटीनं कसलं, पोराला, वसंताला, शिकवून हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर केलं. एवढं सगळं करून गल्लीत नाव कशाचं झालं, तर घरातल्या एका काचेच्या पेटीचं.

पेटी मात्र बघण्यासारखी होती, खोटं कशाला बोला. मधल्या खोलीत, छताला काच बसवून ऊन खाली घेतलेलं, त्या उन्हात ठेवलेली. आत समुद्राचं खारं पाणी, मुंबईहून आलेले भोकाभोकाचे दगड, दोन नारिंगी मासे, मूठभर गोगलगाई, आणि मधोमध वसंताचा शिंपला. तळहाताएवढा. दोन्ही शिंपा उघडून आतली निळी-हिरवी झालर बाहेर पसरायचा आणि दिवसभर उन्हात बसून राहायचा. वसंता सांगायचा की हा उन्हावरच जगतो, मोठा झाला तर परातीएवढा होईल. चतुराबाईला त्याचं मोठं कौतुक. चूल नाही, दळण नाही, नुसतं ऊन खाऊन पोट भरणारा जीव तिनं जन्मात पाहिला नव्हता.

रोज सकाळी ती पाण्यावरून हात फिरवायची. हाताची सावली पडली की शिंपला झटकन अंग चोरायचा. "भिला गं बाई!" म्हणून ती हसायची आणि कामाला लागायची. अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, चैत्र सरता सरता, एके सकाळी तिनं असाच हात फिरवला आणि शिंपला हललाच नाही. तिनं पुन्हा फिरवला. झालरीचा काठ जरासा थरथरला, बस. झालर आत ओढल्यासारखी दिसत होती, आणि मधलं भोक वासलेलं. चतुराबाई चूल पेटवायची सोडून पेटीपुढंच बसून राहिली.

आता एका शिंपल्यासाठी म्हातारीनं चूल पेटवायची कशाला सोडावी, असं कुणीही विचारील. शेजारची गिरिजाबाई तर तोंडावर विचारायची. भिंतीला भिंत लागून घर, त्यामुळे इकडं चमचा पडला तरी तिकडं तिला कळायचं. "मावशी, खाता येईना, इकता येईना, त्या शिंपीला काय ओवाळायचं का?" असं ती म्हणायची. तिला काय सांगणार? सांगायचं म्हटलं तर उषापासून सांगावं लागलं असतं.

उषा ही वसंताची बायको. गुणाची पोर. लग्नाला पुरती चार वर्षं झाली नव्हती, आणि तिला कावीळ झाली. वसंता म्हणाला, जालन्याला मोठ्या दवाखान्यात नेऊ. चतुराबाई म्हणाली, आधी कावीळ उतरवून आणू. लांब एका वस्तीवर एक माणूस कावीळ उतरवायचा. डोक्यावर काड्यांची माळ ठेवायचा, ती लांबत लांबत गळ्यात उतरली की कावीळ उतरली. गावातली निम्मी माणसं तिथंच जाऊन बरी झालेली. म्हणून आधी तिकडं गेले, मग पुन्हा गेले, आणि जालन्याला पोचेपर्यंत डॉक्टरांच्या हातात काही राहिलं नव्हतं.

वसंता त्यावर एक शब्द बोलला नाही. त्यावरही नाही आणि दुसऱ्या कशावरही नाही. शाळेत तोंड चालायचं, पगार त्याचाच होता. घराचा उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. "जेवतो का?" तर मान हलवायचा. "बरं न्हाई का?" तर मान हलवायचा. भांडला असता, ताट भिरकावलं असतं, आईला घराबाहेर काढलं असतं, तरी चतुराबाईनं सोसलं असतं. पण ते मुकं बसणं! त्याच्या पोटात काय आहे हे तिला बराबर ठाऊक होतं. ते तो बोलत नव्हता, आणि ती विचारत नव्हती. दीड-दोन वर्षं घरात दोन माणसं राहत होती आणि आवाज काय तो भांड्यांचा.

मग कचरू आला. कचरू चतुराबाईच्या माहेरचा, वसंताबरोबर लहानपणी विहिरीत उड्या मारलेला, आता मुंबईत शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला. मित्राची दशा बघून तो गेला, आणि महिन्याभरानं मुंबईला मोसंबी उतरवून रिकामी परतणारी एक गाडी दारात उभी राहिली. तिच्यात काचेची पेटी, खाऱ्या पाण्याचे ड्रम, दगड, मासे, समुद्रासारखं पाणी बनवायच्या खास मिठाची पोती. मागनं एका खेपेला प्लास्टिकच्या पिशवीत हवा भरून शिंपला आला. वसंता आधी नुसता बघत बसायचा. एका दुपारी चतुराबाई ज्वारी निवडत होती, आणि मधल्या खोलीतून आवाज आला, "माय, जरा इकडं ये. बघ कसा पसरलाय."

तिच्या हातातलं सूप खाली पडलं. ज्वारी घरभर झाली. ती तशीच धावत गेली, आणि शिंपल्याकडं न बघता लेकाच्या तोंडाकडं बघत राहिली. त्या दिवसापासून वसंता बोलायला लागला. बोलणं शिंपल्याचंच, पण बोलणं. आणि म्हणून त्या शिंपल्याला काही झालं तर चतुराबाईला चूल सुचायची नाही. शिंपला गेला तर पोरगं पुन्हा मुकं होणार, ही साधी सरळ भीती होती. गिरिजाबाईला ती काय कळणार?

वसंता शाळेतून आला, पेटीपुढं उकिडवा बसला, आणि त्याचा चेहराच उतरला. "ऊन वाढलंय, माय. पाणी तापून राह्यलंय." त्यानं कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फ आणला, पिशव्यांत बांधून पाण्यात सोडला. दुपारी लाईट जायची आणि हवा सोडणारा पंप बंद पडायचा, तर एका ट्रॅक्टरवाल्याची बॅटरी मागून आणून जोडली. छताच्या काचेवर धूळ साचली म्हणून उन्हातान्हात शिडी लावून पुसली. शिंपला काही सुधारेना. झालर आणखी आत गेली, निळा रंग फिका पडला. मग दगडामागं दोन गोगलगाई मेलेल्या सापडल्या. मासे तेवढे ठणठणीत, खायला टाकलं की आपले उड्या मारायचे.

"काय होऊन राह्यलंय त्याला?" चतुराबाई विचारायची.

"कळंना."

आधी तो चार वाक्यं बोलायचा, मग दोन, मग हे एवढंच. बोलणं आटत चाललेलं ती उघड्या डोळ्यांनी बघत होती. रात्रीच्या जेवणाला "मीठ कमी हाय" एवढं जरी तो म्हणाला असता तरी तिनं देवापुढं साखर ठेवली असती. मुद्दाम एकदा आळणी पिठलंही करून बघितलं. त्यानं मुकाट्यानं खाल्लं.

आपल्याकडून होईल ते तीही करत होतीच. पेटीतलं पाणी उन्हानं रोज आटायचं. मीठ मागं राहायचं, म्हणून वरून गोडं पाणी टाकावं लागायचं. पावसाळ्यात भरून ठेवलेला ड्रम होळीलाच संपला, तेव्हा वसंतानं तिला सांगितलं होतं, विहिरीचं पाणी गाळून त्या प्लास्टिकच्या बादलीत ठेव आणि रोज सकाळी टाकत जा. गाळून ठीक, पण बादली? ज्या जिवानं तिच्या लेकाच्या तोंडाचं कुलूप काढलं, त्याला बादलीतलं पाणी पाजायचं? तिच्या सासूनं दिलेली तांब्याची घागर घरात असताना? रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी म्हणजे औषध. आजाऱ्याला पाजावं, बाळंतिणीला पाजावं. ती रोज घागर चिंचेनं घासायची, लालबुंद करायची, रात्री भरून फडकं बांधून ठेवायची आणि सकाळी वसंता आंघोळीला गेला की पेटीत ओतायची. शिंपला आजारी पडल्यावर तर जास्तच घासायला लागली. बर्फाच्या पिशव्यांसाठी वसंता पाणी उपसून जागा करायचा, तिथंही ती घागरीतले आणखी दोन तांबे घालायची. मनात म्हणायची, पी बाबा, पी आणि बरा हो.

शेवटी वसंता समोरच्या एसटीडीवर गेला. बूथवाल्या तातेरावानं मुंबई लावून दिली आणि वसंता बराच वेळ कचरूशी बोलला. चतुराबाई चुलीपुढं भाकरी थापत होती, कान दाराकडं. तो आला आणि चौकटीला टेकून उभा राहिला. रागानं का होईना, बोलला, आणि भरपूर बोलला.

"कचरू म्हणतो, मासे बरे हायेत अन् शिंपला, गोगलगाई मरून राह्यल्यात, म्हंजी पाण्यात तांबं गेलंय. माशांना जरा-जरा तांबं चालतं म्हणं, शिंपल्याला इख. म्हणला, माशांना देत्यात ते तांब्याचं औषध टाकलं का? म्या म्हणलं, एक थेंब न्हाई टाकला. तर म्हणतो, तरी बघ, कुठून तरी जाऊन राह्यलंय. अन् एकदा गेलं की आपोआप निघत न्हाई, पाणीच बदलावं लागतं. येडा झालाय कचरू! आपल्या घरात कुठलं आलं तांबं?"

चतुराबाईचा हात परातीतच राहिला. तव्यावरची भाकरी करपली, वास सुटला, तरी तिला उलथायचं भान नाही. पाठीमागं, देवळीखाली, घागर उपडी वाळत होती.

"माय, भाकर जळून राह्यली."

"व्हय, व्हय," म्हणत तिनं भाकरी काढली.

तो हातपाय धुवायला गेला, आणि तिच्या डोक्यात नुसतं काहूर. पहिला विचार आला तो असा, की गुपचूप घागर माळ्यावर टाकावी, उद्यापासून बादलीतलं ओतावं, कुणाला कळणार आहे? पण गेलेलं तांबं आपोआप निघत नाही, हे आताच तो सांगून गेला होता. तिनं तोंड उघडलं नाही तर तो बर्फच आणत बसणार, काचच पुसत बसणार, आणि शिंपला मरणार. तोंड उघडलं तर? पुन्हा आईच. पुन्हा चांगलं करायला गेली आणि वाईट झालं. उषाचं एक होतंच, आता हे दुसरं. या खेपेला तो मुका झाला तर जन्मभरासाठी होईल, असं तिला वाटलं. 

जेवणाऱ्या माणसाला वाईट बातमी सांगू नये, असा तिच्या घरचा रिवाज. तिनं ताट वाढलं. पहिली भाकरी झाली, दुसरी झाली, वर भात वाढला. आग्रह करकरून वाढत होती, जेवण संपूच नये म्हणून. पण ते संपलं. त्यानं हात धुतला.

"वसंता."

"हं."

"ते पाणी म्या बादलीतलं न्हवते टाकीत. घागरीतलं टाकीत होते."

"कोणत्या?"

तिनं बोटानं दाखवली. तो घागरीकडं बघत राहिला.

"कवापासून?"

"होळीपासून."

"रोज?"

"रोज. चिंचंनं घासून." शेवटचे शब्द बोलताना तिचा आवाज इतका बारीक झाला, की त्याला ऐकू आलं की नाही कोण जाणे.

तो उठला आणि कामाला लागला.

मुंबईच्या त्या मिठाचं एकच पोतं उरलं होतं, तेही अर्धं. मोसंबीचा हंगाम संपलेला, मुंबईच्या गाड्या बंद, म्हणजे नवं मीठ लवकर येणार नव्हतं. एवढ्या मिठात पेटीभर पाणी होणं शक्यच नव्हतं. त्यानं एका टपात नवं खारं पाणी बनवलं, शिंपल्याला दगडासकट अलगद उचलून त्यात ठेवलं, पंप तिकडं लावला. दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकून जालन्याला गेला, पाणी गाळायच्या यंत्रातला कोळसा घेऊन आला, तो मलमलीत बांधून पेटीत सोडला. हे सगळं तोंड मिटून. चतुराबाई हातात काहीबाही घेऊन मागं मागं फिरत होती. त्यानं मागितलं तर द्यावं म्हणून. त्यानं काही मागितलं नाही.

घरात पुन्हा भांड्यांचे आवाज ऐकू यायला लागले.

एकदा वाटलं, जमलं. टपातल्या शिंपल्यानं झालर बाहेर काढली, बोटभरच, पण काढली. चतुराबाईनं दारातूनच हात जोडले. जवळ जायची तिची हिंमत नव्हती. आपली सावलीसुद्धा त्याच्यावर पडू नये, असं तिला वाटत होतं. वसंता टपाशेजारी बसून होता, त्याच्या खांद्यांवरनं तिला कळलं की त्यालाही आशा वाटते आहे. ती पदर तोंडात धरून उभी राहिली. आता म्हणेल, "माय, बघ." आता म्हणेल. तो म्हणाला नाही. संध्याकाळी झालर पुन्हा आत गेली.

आणि एका सकाळी टपाला वास आला. समुद्र न बघितलेल्या माणसालाही कळावा असा वास. शिंपला सताड उघडा पडला होता, आतलं सगळं सैल, पांढरट. वसंतानं तो उचलला, परसात नेला, लिंबाखाली खड्डा केला आणि पुरला. चतुराबाई मागच्या दारात, चौकटीला धरून. खड्डा बुजवताना तो मागं वळूनही बघत नव्हता. झालं, ती मनात म्हणाली, संपलं सगळं. आता हे घर आणि ही भांडी.

तो हात धुवायला रांजणापाशी आला. तांब्या उचलला. आणि तो तांब्या त्यानं असा भिरकावला, की समोरच्या भिंतीवर आदळून गरगरत तिच्या पायाशी आला.

"तुला म्या काय सांगितल्तं?"

चतुराबाई दचकली. एवढा मोठा आवाज त्या घरानं कधी ऐकला नव्हता.

"पलास्टिकच्या बादलीतलं टाक म्हणल्तो का न्हाई?"

"म्हणल्ता."

"मंग? कुणी सांगितल्तं तुला शानपणा करायला? कवा कुणाला इचारायचं न्हाई! आपल्याच मनानं करायचं, अन् वरून चांगल्यासाठी केलं म्हणायचं! उषाच्या टायमाला बी हेच केलं तू! म्या म्हणल्तो जालन्याला नेऊ. तू म्हणली, आधी कावीळ उतरवू. चांगल्यासाठीच म्हणली! चांगल्यासाठीच मारलं तू तिला!"

निघालं. जे वाक्य ती रोज त्याच्या गप्प चेहऱ्यावर वाचत आली होती, ते एकदाचं तोंडातून बाहेर पडलं. तिला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण जागच्या जागी मरू. पण ती मेली नाही. उलट तिलाही कंठ फुटला.

"व्हय, म्या म्हणले! माझीच मती फिरल्ती. पण तू? तू बी आल्ता की! जीपमधी तिला धरून तूच बसल्ता!"

"आल्तो!" तो किंचाळला. "आल्तो ना! सायन्सचा मास्तर असून आल्तो! पोरांना फळ्यावर लिव्हर काढून दाखवितो, अन् तिथं काय करून राह्यल्तो? माळ कुठवर उतरली ते बघत बसल्तो! ती म्हणली, मला दवाखान्यात न्या. म्हणली ती मला, माय! अन् म्या म्हणलं, थांब, आता उतरंलच..."

पुढचं त्याला बोलता येईना. तो तिथंच रांजणाजवळ खाली बसला आणि चिखलाच्या हातांनी तोंड झाकून हंबरडा फोडून रडायला लागला. तेरवीलासुद्धा तो असा रडला नव्हता. मधेच रडणं थांबवून आईला बोलायचा, मग स्वतःला बोलायचा, मग पुन्हा रडायचा. चतुराबाई जवळ जाऊन बसली. त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यानं झटकला. तिनं पुन्हा ठेवला.

"बोल," ती म्हणाली. "आजून बोल. काय काय साठवलंय तेवढं समदं बोल."

एवढ्यात पुढचं दार ढकलून गिरिजाबाई आत आली, हाताला पीठ तसंच. "आगं बाई, काय झालं? मास्तर कामून वरडून राह्यलेत? गल्ली गोळा झाली बाहीर! मावशी, थांबा, म्या समजावते त्यांला."

चतुराबाई उठली. तिचं तोंड आसवांनी भिजलेलं, आणि त्याच तोंडावर हसू. गिरिजाबाईला दंडाला धरून तिनं उंबऱ्याबाहेर नेलं.

"गिरजे, बिलकुल मधी पडू नको," ती दार लोटत म्हणाली. "माझं लेकरू बोलून राह्यलंय."